पांढरा मांडव

रंग दोनच, रॉजर म्हणाला. पांढरा, नाहीतर बदामी.
अच्युतनं खांबावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं,
बाजारात कलिंगड पारखावं तसं.
आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.
"पोकळ आहे गं," तो मराठीत म्हणाला,
रॉजरला कळू नये म्हणून.
रॉजरला कळलं.
"आत ॲल्युमिनियमची नळी घालतो आम्ही.
कुजत नाही, वाळवी लागत नाही,
रंग नको, पॉलिश नको,
आणि हमी आजीवन."

कुणाचं जीवन, ते मी विचारलं नाही.
अच्युत चौसष्टचा, मी एकसष्टची,
आणि चार गुडघ्यांपैकी एक नवा.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर भांडलो.
सीडरला वास असतो, हा त्याचा पहिला मुद्दा.
दुसरा त्याला सुचेना.
पण तो पहिलाच पुन्हा पुन्हा मांडत राहिला,
आणि खरं सांगते, तो बरोबर होता.
मी हिशेब काढला :
पावणेचार हजार डॉलर, कर वेगळा,
आणि वर छप्परच नाही!
पाऊस येईल तो थेट डोक्यावर,
ऊन येईल ते फक्त चिरून.
एवढे पैसे सावलीच्या नुसत्या रेघांचे.

मग मी कुंपणापलीकडे लोरेनकडे गेले.
तिच्या अंगणातला मांडव लाकडाचा.
स्टॅननं स्वतः उभा केलेला,
ओशकोशला आले त्याच वर्षी.
लोरेननं स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर आणला
आणि खांबाच्या पायथ्याशी टेकवला.
जोर लावला नाही.
शिळ्या केकमध्ये सुरी जावी तसा तो आत गेला, मुठीपर्यंत.
"लाकडाला दर मे महिन्यात एक माणूस लागतो,"
ती म्हणाली, "ब्रश घेऊन उभा राहणारा.
मला सहा मे झाले माणूस नाही."
"मग पाडत का नाहीस?"
तिनं स्क्रूड्रायव्हर ॲप्रनला पुसला.
"कॉफी घेशील?" म्हणाली.

त्या रात्री मी अच्युतला म्हणाले, पांढरा घेऊ.
का, ते सांगितलं नाही.
त्यानंही विचारलं नाही. नुसता म्हणाला,
"ब्रशचे पैसे वाचले."

इथे जमीन चार फूट खोल गोठते,
म्हणून खड्डे चार फुटांहून खोल.
दोन पोरं आली, यंत्रानं भोकं पाडली,
दुपारी सँडविच खाल्ली, संध्याकाळी गेली,
आणि मागे उभा राहिला हा,
दातांच्या दवाखान्यासारखा स्वच्छ.
अच्युत जवळ गेला, खांब हुंगला,
आणि काही न बोलता आत गेला.

जूनमध्ये मी दोडका लावला.
बी कुठून आणलं, ते विचारू नका.
वेल हातभर झाला, वर पाहू लागला,
ताणा खांबाला टेकवून चाचपू लागला.
पण धरायला काही नाही. साल नाही, गाठ नाही, चीर नाही.
सकाळी पाहावं तर घसरून खाली,
पुन्हा वर, पुन्हा खाली.
शेवटी मी पोत्याची सुतळी आणली
आणि खांबाला आडवे वेढे घातले, ओबडधोबड.
अच्युतनं शिडी धरली.
"एवढं गुळगुळीत घेतलं," तो म्हणाला, "आणि आता त्याला काथ्या."

दुसऱ्या दिवशी वेलानं सुतळी धरली होती,
तीही इतकी घट्ट की सोडवायला गेले तर ताणा तुटला असता.

ऑगस्टमध्ये दोडके लागले. जास्त नाहीत, नऊ.
दोन लोरेनला दिले; तिनं त्यांचं काय केलं, देव जाणे.
ऑक्टोबरात वेल काढला, सुतळीही काढली.
खांबावर तिचे तपकिरी वळसे उमटले आहेत,
खालून वरपर्यंत, थोडे तिरके.
साबणाच्या पाण्यानं जातात, रॉजरनं सांगितलं होतं.

बादली भरून तीन रविवार झाले.
अच्युत रोज तिच्यावरून पाय उचलून जातो.